सेवा कुणासाठी?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात म्हातारं माणूस घसरून पडलं, खुब्याचं हाड मोडलं, की शस्त्रक्रियेसाठी शहर गाठावं लागतं. पण खरी कसोटी लागते ती त्याला घरी आणल्यावर. हाडांच्या रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणं हे माझं काम. ड्रेसिंग, टाके, व्यायाम, वॉकर धरून चालवणं हे सगळं शिकून येतं. मात्र घरोघरी मला जो प्रश्न भेटतो, तो धर्माचा आहे: सेवा कशाला म्हणायचं?

कळंबजवळच्या एका घरी लेक अभिमानानं म्हणाला, "सिस्टर, मायले खाटेवरून हलूच देत नाही आम्ही." त्याची माया खरी होती. पण खाटेशेजारचा तांब्या सकाळपासून भरलेलाच होता. मी खोदून विचारलं तेव्हा आजी हळूच बोलली, "पाणी पेलं का उठा लागते. घडीघडी कोणाले हाक मारू?" ती तहान मारत होती. तिला कुशीवर वळवलं, तर माकडहाडापाशी कातडी लाल झालेली. बोटानं दाबूनही तो लालपणा हटेना. पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची ही पहिली खूण. असंच पडून राहिलं तर स्नायू झिजतात, छातीत कफ साचतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते.

सेवा म्हटलं की आपल्याला पुंडलिक आठवतो. आईवडिलांची सेवा सोडवेना म्हणून त्यानं दारी आलेल्या देवाला विटेवर थांबवलं. शुश्रूषेला देवदर्शनाच्याही आधी मान देणारी ही कथा मला फार मोलाची वाटते. पण ती सांगताना आपलं लक्ष पुंडलिकाच्या पुण्याकडे असतं. त्याच्या आईवडिलांना काय हवं होतं, हे कोणी विचारत नाही. मग नकळत असं होऊन बसतं, की आपल्याला पुण्य लाभावं म्हणून कुणीतरी खाटेवरच राहावं.

आपल्या जुन्या ग्रंथांनी याचा विचार फार बारकाईनं केला आहे. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चार. आधी शुश्रूषेचं ज्ञान, मग कामातलं कौशल्य, त्यानंतर रुग्णाविषयी प्रेम, आणि स्वच्छता. प्रेम हवंच, पण ज्ञानाचा मान आधीचा.

आमच्या भागात बौद्ध घरंही पुष्कळ आहेत. विनयपिटकात अतिसारानं आजारी पडलेल्या एका भिक्खूची गोष्ट येते. कुणीच त्याच्याकडे पाहत नव्हतं. बुद्धांनी आनंद या शिष्यासह स्वतः त्याला आंघोळ घातली आणि सांगितलं, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. पुढे चांगल्या शुश्रूषकाची लक्षणं दिली आहेत, तशीच चांगल्या रुग्णाचीही: आपलं दुखणं खरं सांगणं, औषध नीट घेणं, वेदना सोसणं. म्हणजे रुग्णालाही त्याचा वाटा आहे, आणि तो त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार मायेलाही नाही. गीतेचा सहावा अध्यायही हेच बजावतो, की माणसानं स्वतःच स्वतःला वर काढायचं असतं.

डॉक्टरांनी पायावर भार द्यायला परवानगी दिली होती, म्हणून त्या आजीला मी चालवायला घेतलं. आधी वॉकर पुढे, मग शस्त्रक्रियेचा पाय, मग चांगला पाय. मी दुखऱ्या बाजूला, किंचित मागे. हात तिच्या कमरेपाशी तयार, पण टेकवलेला नाही. उंबरठ्याशी ती थांबली, थरथरली. सून धावली, तिला म्हटलं, थांब. आजीनं दम घेतला, वॉकर उचलून पलीकडे ठेवला आणि पाऊल टाकलं. तेवढा वेळ हात आवरून उभं राहणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात पवित्रही.

काही माणसं पुन्हा उठणार नसतात. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, भरवणं, स्वच्छ करणं हाच तिथला धर्म. कुठे उचलायचं आणि कुठे थांबायचं हे कळावं, म्हणूनच चरकांनी ज्ञान आधी ठेवलं असावं.

कापूस वेचणीला घरातले सगळे वावरात जातात. भर दुपारी मोरीपर्यंत एकटीनं जाता येणं, हीच तेव्हा म्हाताऱ्या बाईची अब्रू असते. त्या आजीला आता कळंबच्या चिंतामणीला जायचं आहे. तिथे दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, म्हणून ती कठडा धरून सराव करते: चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा. मांडी घालायची नाही, म्हणून खुर्चीवरची पूजा देवाला चालेल का, असं तिनं विचारलं होतं. पंढरीचा देव स्वतः उभा आहे, तो बसण्याची अट कशाला घालेल?

आईबापांची मनापासून सेवा करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. डॉक्टरांनी मुभा दिली असेल, तर रोज रात्री आपण त्यांच्यासाठी काय केलं ते मोजू नका. आज त्यांनी स्वतःच्या हातापायांनी काय केलं ते पाहा. ते वाढत असेल, तर तुमची सेवा पोहोचली.