प्रवाळाचा राखणदार कोण?

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाजवळ होडी थांबते, तोंडावर मास्क चढतो आणि पाणी निवळ असेल तर खडकाला घट्ट चिकटलेली पिवळट-तपकिरी पोवळ्याची चकती दिसते. पाय टेकवू नका, असं गाइड बजावतो. पण पोहता न येणारा माणूस घाबरला की आधार शोधतो आणि टाच नेमकी त्या चकतीवर पडते. तिच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म प्राणी दाटीवाटीने राहत असतात आणि त्यांच्या पेशींमधली शैवालं सूर्यप्रकाशावर त्यांच्यासाठी अन्न तयार करतात. चकतीची वाढ इतकी सावकाश होते, की एका टाचेखाली कित्येक वर्षांची कमाई चिरडली जाते.

हे सगळं घडतं ते अभयारण्यात. मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर आणि त्यातला पद्मगड बेटाभोवतीचा तीनेक चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र. 2001 मध्ये खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली, म्हणजे कायद्यापुढे पोवळं आणि वाघ एकाच रांगेत आले. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतही प्रवाळाची जागा सर्वांत कडक वर्गात आहे. कागद भक्कम आहेत. तरीही नांगर खडकावर पडतो, कारण पाण्यात कोणाची रोजची नजर असावी हे त्या कागदांनी ठरवलं नाही.

ती नजर मच्छीमाराकडे होती. पण अभयारण्य म्हटलं की त्याच्या मनात पहिली धास्ती आली ती मासेमारी बंद होण्याची, जाळी आणि होडी जप्त होण्याची. मालवणात हा विरोध कित्येक वर्षं धुमसत राहिला, आणि मला तो अडाणीपणाचा वाटत नाही. जंगलातल्या अभयारण्यांनी काठच्या गावांचं काय केलं, हे सर्वांनी पाहिलं होतं. 1991 च्या दुरुस्तीनंतर कायदाच सांगतो, की सागरी अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज आधी करावी. पण मासे कुठे मारता येतील, कोणत्या जाळ्याने, कोणत्या महिन्यांत, याचं स्पष्ट उत्तर मच्छीमाराला हवं असतं. ते त्याला वेळेवर आणि त्याच्या भाषेत मिळालं, असं म्हणवत नाही.

याच जिल्ह्यात वेगळं वळणही दिसलं. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने राज्याच्या वन विभागातल्या कांदळवन कक्षाने सिंधुदुर्गात जो प्रकल्प राबवला, त्यात ट्रॉलरच्या जाळ्याचा प्रश्न हाती घेतला गेला. नेहमीच्या जाळ्याचे आस, म्हणजे छिद्रं, शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. ओढ बसली की ते मिटतात आणि बोटाएवढी पिल्लंही अडकतात. चौकोनी आस ओढ बसूनही उघडे राहतात, पिल्लं निसटतात, मोठा मासा राहतो. इथे सरकार मच्छीमाराकडे त्याच्या धंद्याची गोष्ट घेऊन गेलं. पिल्लू वाचलं तर पुढच्या हंगामात मासा मिळतो, हे त्याला पटवून द्यावं लागत नाही. प्रवाळाचं राखणही याच वाटेने जायला हवं, कारण खडकाच्या कपारीत माशांची पिल्लं वाढतात.

किनाऱ्यापासून दूर गेलं की अडचण उलटी होते, तिथे कागदच अपुरे पडतात. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक हे पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून साधारण वीस मीटरवर येतो, आणि महाराष्ट्रासमोरच्या समुद्रात प्रवाळाची एवढी श्रीमंत वस्ती दुसरी नाही. पण आपली प्रादेशिक हद्द 12 सागरी मैलांवर, म्हणजे 22 किलोमीटरवर संपते आणि अभयारण्य त्यापुढे जाहीर करता येत नाही. उरतो तो 1976 चा सागरी क्षेत्र कायदा. त्याखाली आंग्रिया बँकेला ‘निर्देशित क्षेत्र’ करावं, या प्रस्तावाला राज्याने 2020 मध्ये हिरवा कंदील दाखवला. घोषणेचा अधिकार मात्र केंद्राचा आहे.

पाणी तापलं तर कोणतीही अधिसूचना ते थंड करू शकत नाही, हे खरं. लक्षद्वीपची पोवळी 1998, 2010 आणि 2016 मध्ये उष्णतेने पांढरी पडली. तापलेल्या पाण्यात शैवालं पोवळ्याला सोडून जातात आणि ते उपासमारीने खंगतं. पण गाळ, नांगर आणि टाचा यांनी आधीच जखमी झालेलं प्रवाळ अशा आजारातून सहसा उठत नाही, धड असलेलं उठण्याची शक्यता असते. म्हणून स्थानिक जखमा रोखणं हेच सरकारच्या हातात आहे आणि तेच आधी करायला हवं. प्रत्यक्षात मात्र मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी-हाजीअलीची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली गेली. ग्रेट निकोबारच्या प्रकल्पातही हजारो वसाहती हलवण्याची योजना आहे. याला नुकसान कमी करण्याचा प्रयत्न म्हणता येईल, संरक्षण म्हणता येणार नाही.

मालवणात स्नॉर्कलिंगवर जगणारी मुलं मच्छीमारांच्याच घरातली आहेत. एका वेळी किती होड्या सोडायच्या, नांगराऐवजी होडी बांधायला बोये कुठे ठेवायचे, कोणता खडक वर्षभर बंद ठेवायचा, हे ठरवण्याचा अधिकार आणि पर्यटकांच्या शुल्काचा ठरलेला वाटा त्यांच्या समितीला लेखी द्यावा. वन विभागाने मोजणी करावी आणि हिशेब मागावा. आणि तुम्ही तिथे गेलात, तर पाण्यात उतरण्याआधी तरंगायला शिका, होडीवाल्याला नांगर कुठे टाकतोस ते विचारा, आणि खडकावर उभं राहून फोटो काढायला ठाम नकार द्या.