ओपन स्पेसमध्ये काय उभं राहावं?

अमरावतीत कठोरा नाक्याच्या पुढे, अकोल्यात गोरक्षण रोडच्या बाजूला नव्या फ्लॅट स्कीम उभ्या राहताहेत. दारात कमान, कमानीमागे कारंजं, कारंज्याशेजारी फायबरचे उधळलेले घोडे. घराच्या माहितीपत्रकात हे सारं आधीच छापलेलं असतं. आयुष्याची पुंजी ओतून फ्लॅट घेणाऱ्याला मात्र, रोज दारातून निघताना काय बघायला आवडेल, हे कुणी विचारत नाही. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात फायबरचा रंग उडतो, कारंजं बंद पडतं आणि घोडे अडगळ होऊन बसतात.

बिल्डरनं कलाकृती बसवूच नये, असं माझं मत आहे. त्यानं जागा आणि पैसा राखून ठेवावा. काय उभारायचं ते राहायला आलेल्यांनी ठरवावं.

जागेची सोय कायद्यानं बरीचशी केलेली आहे. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार साधारणपणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात किमान १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. पैशाची सोय मात्र नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियानं १९५९ मध्येच पुनर्विकासाची जमीन घेणाऱ्या विकासकांना बांधकामखर्चाचा किमान एक टक्का कलेवर खर्च करायला लावला. आपल्याकडे नेहरूंच्या काळात सार्वजनिक इमारतींसाठी असा विचार झाला. दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दाराशी रामकिंकर बैज यांचे यक्ष-यक्षी उभे आहेत, ते त्याच विचारातून आलेलं काम. माणसं जिथे राहतात तिथवर हा विचार पोचलाच नाही.

उघड्यावरच्या कलेची जाण वऱ्हाडाला मुळीच नवी नाही. मेळघाटातले कोरकू आदिवासी आपल्या मृतांसाठी सागवानी मुंडा, म्हणजे स्मृतिस्तंभ, कोरून घेतात. त्यावर चंद्र-सूर्य असतात, घोडेस्वार असतो. सिडोली या मृतांसाठीच्या विधीत तो झाडाखाली, ठरलेल्या जागी रोवतात आणि मग ऊन-पाऊस खात तो तिथेच उभा राहतो. घरच्यांनी सांगितलेलं, कारागिरानं कोरलेलं, गावानं ओळखलेलं असं ते काम. मुंड्याची नक्कल करून ती कमानीशी लावण्याची कल्पना मला सहन होत नाही; कुणाच्या तरी मृत्यूची ती खूण आहे, शोभेची वस्तू नव्हे. घ्यायची असेल तर ती रीत घ्यावी: आधी माणसं, मग कारण, मग काम. आपल्या फ्लॅट स्कीममध्ये हा क्रम नेमका उलटा आहे.

बाळापूरला मन नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची काळ्या दगडातली छत्री आहे. तिच्या कोरीव खांबांमध्ये माणूस उन्हातून येऊन बसू शकतो. इथल्या हवामानात शिल्पानं सावली द्यावी, टेकायला ओटा द्यावा, ही अपेक्षा मला अगदी रास्त वाटते.

लोकांवर सोपवलं तर ते मंदिरच बांधतील किंवा पुतळ्यावरून भांडतील, असं बिल्डर म्हणतात. भीती खोटी नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमरावतीच्या राजापेठ उड्डाणपुलावर परवानगीविना पुतळा बसवला गेला, काही दिवसांत प्रशासनानं तो हटवला आणि शहर तापलं. पण तिथे लोकांना विचारून ठरवण्याची पायरीच झाली नव्हती. गृहनिर्माण संस्थेकडे ती असते, आमसभेच्या रूपानं. रेरा कायद्यामुळे निम्म्याहून अधिक घरं नोंदली गेली की तीन महिन्यांत संस्था स्थापन करावी लागते. कलेचा निधी त्याच वेळी संस्थेच्या खात्यात जमा व्हावा आणि करारनाम्यात तसं कलम असावं.

त्यानंतर घाई करू नये. दोन उन्हाळे जाऊ द्यावेत. पोरं कुठे खेळतात, आज्या संध्याकाळी कुठे बसतात, दुपारी तीनला सावली कुठवर सरकते, ते पाहावं. मग इथल्याच पाथरवटाला, सुताराला, चित्रकला शिकून पुण्या-मुंबईची वाट धरणाऱ्या मुलामुलींना बोलवावं. त्यांनी आपला आराखडा आमसभेत सगळ्यांसमोर मांडावा, आणि दर वर्षी तेल-रंग-डागडुजी कोण करणार, हेही त्याच बैठकीत ठरावं.