पाठ टेकल्यानंतर

गेल्या श्रावणातली गोष्ट. शाळा सुटली होती आणि मी कार्यालयात बसून हजेरीपटांवर सह्या करीत होतो. दारात कोणी तरी अडखळल्यासारखे वाटले म्हणून मान वर केली. पाहतो तो माझा एक जुना विद्यार्थी. दार पुरते भरून टाकणारे खांदे, मोडलेले कान आणि चेहरा मात्र गृहपाठ विसरलेल्या मुलाचा.

"सर, अण्णांशी तेवढं बोला की. ते ऐकूनच घेईनात."

त्याचे वडील माझे तालमीतले जोडीदार. एकाच वस्तादांच्या हाताखाली आम्ही दोघांनी माती उकरली. पुढे मी एम.ए. होऊन मास्तर झालो आणि त्याने शेती धरली, पण पोराला आखाड्यात उतरवले. पोरगा आता तेवीस वर्षांचा आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या जत्रांतून त्याने नावाजलेल्या कुस्त्या केल्या, काही वर्षे कोल्हापूरच्या तालमीतही काढली. आता त्याला कुस्तीतून 'एमएमए'त, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये जायचे होते. जाळीच्या पिंजऱ्यात दोघे उतरतात, ठोसे, लाथा, गुडघे, पकडी आणि गळफास असे जवळजवळ सारे काही चालते, तो हा खेळ. "माझा मुलगा पिंजऱ्यात जनावरासारखा मारामारी करणार नाही," एवढे एकच वाक्य बोलून वडिलांनी विषय संपवला होता.

मी त्याच्याकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. मुख्याध्यापकाची ही जुनी युक्ती आहे. प्रश्न अवघड असला की मुदत मागायची!

त्या पंधरा दिवसांत मी वाचले, पाहिले. पोराने मोबाईलवर लढतीही दाखवल्या. प्रथम व्यवहाराचा भाग सांगतो. कुस्तीगीर या खेळात उपरा नाही, उलट पाया त्याचाच भक्कम असतो. अमेरिकेचा हेन्री सेहुदो २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाईल कुस्तीचे सुवर्णपदक जिंकला आणि पुढे २०१८ मध्ये यूएफसी या सर्वांत मोठ्या संघटनेचा विजेता झाला. दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव्ह लहानपणापासून कुस्ती आणि सांबो खेळत वाढला. २०२० मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर एकोणतीस विजय होते आणि पराभव एकही नव्हता. आपल्याकडची रितू फोगट २०१९ मध्ये कुस्ती सोडून इकडे वळली आणि दोन वर्षांत एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. पट काढणे, अंगाखाली दाबून ठेवणे, दमसास, वजन उतरवण्याची शिस्त, ही कुस्तीगिराची शिदोरी तिथेही पुरते.

पण हीच शिदोरी कधी उलटते. पटात शिरताना पैलवान मान पुढे घालतो. कुस्तीत त्याला कोणी दोष देणार नाही, पण तिथे ती मान प्रतिस्पर्ध्याच्या बगलेत सापडते आणि गळफास बसतो. महाराष्ट्राचा भरत खंडारे २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला, तो पहिल्याच फेरीत अशाच गळफासाने हरला. दुसरी सवय याहून खोल मुरलेली. पाठ टेकू नये म्हणून पैलवान झटकन पालथा होतो. वस्तादांनी हजारदा घोटून घेतलेली ही गोष्ट. तिथे मात्र पालथे होणे म्हणजे पाठ शत्रूच्या हवाली करणे. मागून हात गळ्याभोवती आला की खेळ संपला. सीमाभागातल्या आपल्या मुलांचे कन्नड लिहिताना असेच होते. अक्षरे बरोबर असतात, पण वाक्याची ठेवण मराठीची राहून जाते. व्याकरण बदलायला वर्षे जातात, आणि तेवीस वर्षांच्या पैलवानाजवळ फार वर्षे नसतात.

पैशाचे म्हणाल तर दोन्हीकडे अंधारच अधिक. कुस्तीत निदान खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात किंवा रेल्वेत नोकरीची आशा असते. हा नवा खेळ ऑलिंपिकमध्ये अजून नाही. तिथे वरच्या चार जणांना पैसा, बाकीच्यांना दुखापती. हे सारे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "ते माहीत आहे सर. अण्णा पैशापायी नाही म्हणत नाहीत. ते त्याला पाप म्हणतात."

खरा प्रश्न हाच होता. मातीने दिलेली विद्या तिथे वापरणे हे पाप आहे काय?

माझ्या मित्राच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की सारे संपते. हलगी थांबते, पंच हात वर करतो, जिंकलेला हरलेल्याला हात देऊन उठवतो. अस्मान दाखवले, पुढे काही उरत नाही. एमएमएत माणूस खाली पडला की तिथून पुढे ठोसे सुरू होतात. २०१९ मध्ये बेन ॲस्क्रेन हा अमेरिकेचा ऑलिंपिक कुस्तीगीर घंटा होताच पटासाठी वाकला, समोरच्याचा उडता गुडघा डोक्यावर बसला आणि पाच सेकंदांत तो बेशुद्ध झाला. पंच पोहोचेपर्यंत त्या बेशुद्ध माणसाला आणखी दोन ठोसे बसले. ती चित्रफीत पाहून मी मोबाईल पालथा ठेवला. डोक्यावरचे असे आघात मेंदूत साचत जातात, त्याचे भोग म्हातारपणी कळतात, हे आता डॉक्टर स्वच्छ सांगतात.

तेव्हा निकाल उघड होता. कुस्ती धर्माची, एमएमए अधर्माचे. मित्राला जाऊन 'तुझे बरोबर आहे' म्हणायचे आणि चहा पिऊन परतायचे. पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मला माझी स्वतःची एक कुस्ती आठवली.

मी एकोणीस वर्षांचा होतो. शेजारच्या कन्नड गावची जत्रा होती. माझी जोड त्याच गावच्या एका मुलाशी नेमली होती. तो पालथा पडलेला, मी वर, त्याचा हात पाठीमागे पिळून त्याला उलटायला पाहत होतो. तो उलटत नव्हता. माझ्या गावचे लोक ओरडत होते, "पीळ, आणखी पीळ!" मातीत तोंड असलेला तो मुलगा हळूच म्हणाला, "बिडो." मग पुन्हा, "बिडो, बिडो." सोड, सोड. पंच दुसऱ्या बाजूला होता, त्याला ऐकू गेले नाही. मला गेले. मला कन्नड येत नव्हते अशातला भाग नाही, आमच्या अर्ध्या सोयरिकी त्या बाजूच्या. पण त्या क्षणी मी कन्नड न येणारा झालो. आणखी पीळ दिला. खांद्यातून आवाज आला, तो उलटला, त्याची पाठ टेकली, आणि मला फेटा बांधून मिरवले.

नियमाप्रमाणे ती कुस्ती स्वच्छ होती. ती माती ताक, तेल, हळद घालून मळलेली पवित्र माती होती. आम्ही दोघांनीही मारुतीला नमस्कार केला होता. तरी मी त्या दिवशी जे केले ते ॲस्क्रेनवरच्या त्या दोन ठोशांहून काय वेगळे होते? तो मुलगा त्या हंगामात पुन्हा आखाड्यात उतरला नाही. दुसऱ्या वर्षी मीही उतरलो नाही. लोकांना सांगितले, बी.ए.चे वर्ष आहे.

मग एमएमएकडे मी दुसऱ्या नजरेने पाहिले. तिथे हरणाऱ्याने हाताने थोपटले की लढत तिथेच थांबते. थोपटायला मराठी लागत नाही, कन्नड लागत नाही. 'बिडो' म्हणणाऱ्याचे ऐकलेच पाहिजे असा तिथे नियम आहे. आमच्या मातीत 'सोड' हे जमीन बोलते, तिथे तो माणूस स्वतः बोलतो. दोन्ही ठिकाणी ते ऐकणारा हात मात्र खेळाडूचा, आणि तो कोणत्याही नियमाने घडत नाही. म्हणून पाप पिंजऱ्यात असते आणि पुण्य मातीत असते, हे मला पटेनासे झाले. डोक्यावरच्या माराचा दोष यामुळे नाहीसा होत नाही. पण तो दोष पाहून 'नाही' म्हणणे वेगळे, आणि आपली माती पवित्र म्हणून 'नाही' म्हणणे वेगळे.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढला, १९४८ मध्ये लंडनला मॅटवर सहावा आला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. त्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खर्डेकरांनी त्याला 'माती सोडू नकोस' असे सांगितले नाही. परंपरा राखायची हौस आपली, आणि तिची किंमत मोजायची एका पोराने, हा व्यवहार न्यायाचा नाही. आपण वर्षातून एकदा जत्रेत जाऊन टाळ्या वाजवतो. त्याचा दूध-बदामाचा खुराक तीनशे पासष्ट दिवस चालवावा लागतो. (माझे घर म्हणाल तर ते बँकेकडे आधीच गहाण आहे, त्यामुळे खर्डेकर होण्याची सोय उरलेली नाही.)

मुदत संपली त्या संध्याकाळी मी मित्राच्या अंगणात जाऊन बसलो. पोरगाही होता. मी त्या जत्रेतल्या कुस्तीची हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत प्रथमच. मित्र त्या दिवशी आखाड्याच्या कडेला होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मास्तर, 'पीळ' म्हणून ओरडणाऱ्यांत मी पण होतो की."

पोराला मी तीन गोष्टी सांगितल्या. राहिलेली पदवी आधी पुरी कर. दर लढतीनंतर डोक्याची तपासणी कर, आणि डॉक्टर थांब म्हणाला की थांब. आणि पंच यायच्या आत समोरचा संपला आहे असे तुला कळले, तर तुझा हात तू थांबव. तिसऱ्या गोष्टीने एखादी लढत हरशील, हेही सांगितले.

त्याने मान हलवली. मित्राने अजून होकार दिलेला नाही, पण 'पाप' हा शब्दही पुन्हा उच्चारलेला नाही. पोरगा दिवाळीनंतर पुण्याला सरावाच्या ठिकाणी नुसता पाहून येणार आहे. वडील बरोबर जाणार आहेत.

निघताना तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. चपला घालताना त्याने विचारले, "सर, त्यानं 'बिडो' म्हटल्यावर तुम्ही का सोडलं नाही?"

मी म्हणालो, "लोक ओरडत होते रे."

दुसरे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते ऐकून तो हसला नाही, याचे मला बरे वाटले.