किती बाँब रंगवायचे?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चौक गावात दोन किल्ले असतात. एक टेकडीवरचा, धारावीचा. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. आता तेथे पडके दगड आणि समुद्राचा वारा एवढेच आहे, पण खाडीपलीकडची वसई तेथून अजूनही तशीच दिसते. दुसरा किल्ला मुलांचा. अंगणात दगड, माती आणि जुनी पोती यांतून तो चार दिवसांत उभा राहतो. त्यावर मोहरी पेरून हिरवळ उगवतात, मावळे मांडतात, आणि कोठल्याही इतिहासाला न जुमानता एक प्लास्टिकचा वाघ गुहेत बसवतात.

गेल्या वर्षी अशाच एका किल्ल्याशेजारी ओट्यावर बसलो असताना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला प्रश्न विचारला, “सर, याच्यावर किती बाँब रंगवू?”

त्याच्या हातात एक विमान होते. दुसऱ्या महायुद्धातल्या लिबरेटर नावाच्या बाँबफेकी विमानाची ती प्रतिकृती. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार एकशे दहा फूट; त्याचा बहात्तरावा भाग म्हणजे जेमतेम दीड फूट. हा मुलगा दिवसभर नोकरी करतो आणि रात्री असली विमाने जोडतो. खोक्यातून सुटे भाग येतात, त्यांच्याबरोबर पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा एक कागद येतो. त्या कागदावर अमेरिकन विमानाची चिन्हे होती: तारा, आकडे, नाकाशी रंगवायचे चित्र, आणि वैमानिकाच्या खिडकीखाली ओळीने मांडायचे इवलेसे बाँब. एक बाँब म्हणजे एक यशस्वी स्वारी. पण त्याला अमेरिकन विमान करायचे नव्हते. त्याला ‘आपले’ करायचे होते.

मी कादंबऱ्या लिहितो, त्या अर्थी मला सगळे ठाऊक असणार, असा गावाचा एक समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही, हीही एक लबाडीच. तेव्हा आम्ही दोघे मिळून शोधाला लागलो.

आपल्या लिबरेटरांची हकीकत मोठी विलक्षण आहे. युद्ध संपल्यावर ही विमाने मोठ्या संख्येने कानपूरला टाकून देण्यात आली होती. पुन्हा कोणाला उडवता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केलेली होती. त्या भंगारातून बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी चाळीसहून अधिक विमाने जिवंत केली. जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती अर्धवट दुरुस्त विमाने कानपूरहून बंगलोरला उडवत नेली. १९४८ च्या नोव्हेंबरात हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन त्यांवर उभी राहिली, आणि १९६८ पर्यंत ही विमाने आपल्याकडे उडत होती. मोडून फेकलेली वस्तू वीस वर्षे वापरणे हे आपल्या घराघरांतल्या बायकांना नवे नाही; पण विमानाच्या बाबतीत ते ऐकले की छाती जरा फुगते.

आता प्रश्न रंगाचा. मला वाटले होते, तो तासाभरात सुटेल. तो तीन आठवडे पुरला.

विमानावरची खूण ही शोभेची वस्तू नव्हे, हे मला तेव्हा कळले. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळात मधोमध तांबडा ठिपका असे. जपानी विमानावरही तांबडा गोळा. ब्रह्मदेशाच्या आकाशात क्षणभराच्या नजरेत आपला कोण आणि परका कोण हे ठरवायचे, तर तो तांबडा ठिपका जिवावर बेतणारा. म्हणून या आघाडीवर तांबडा रंग काढून गडद आणि फिका असे दोन निळेच ठेवले. हिंदी हवाई दलाची विमाने त्याच निळ्या खुणेखाली लढली. स्वातंत्र्यानंतर ती खूण गेली आणि अशोकचक्र आले. ते थोडीच वर्षे टिकले. १९५० साली प्रजासत्ताकाबरोबर बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे असे वर्तुळ आले, ते आजतागायत आहे. म्हणजे ‘लिबरेटरचा रंग कोणता?’ हा प्रश्नच चुकीचा. कोणत्या सालचा लिबरेटर, हे आधी सांगावे लागते.

त्यातून छायाचित्रे काळी-पांढरी. जुन्या काळच्या काही फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे. त्यांच्यावर तांबडे काळे उमटे आणि निळे फिकट. फोटोवर डोळे मिटून विश्वास टाकावा तर फोटोच रंगांध! मुलगा भिंग घेऊन एकेका चित्रावर तासन् तास वाकलेला असे. शाळेत यानेच शुद्धलेखनाच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घाची माती केली होती, हे मला राहून राहून आठवे.

पण बाँब काही सापडेनात. आम्ही पाहिलेल्या एकाही भारतीय लिबरेटरच्या छायाचित्रात खिडकीखाली ती ओळ नव्हती.

“पाच-सहा काढू का?” तो म्हणाला. “नाहीतर ती बाजू बोडकी दिसते. आणि सर, कोण बघणार आहे?”

खरेच, कोण बघणार होते? बहात्तरावा भाग, त्यातला बाँब म्हणजे मुंगीएवढा. मी त्याला परवानगी देऊन टाकणार होतो. पण जीभ अडली, आणि ती का अडली हे त्याला सांगण्याजोगे नव्हते. येथे सांगतो.

माझ्या एका कादंबरीत वादळात बोट बुडण्याचा प्रसंग आहे. आमच्याच किनाऱ्यावरचा एक माणूस असा गेला होता. मी नाव बदलले, गाव बदलले, आणि मरताना त्याला एक पराक्रम दिला: हाताशी आलेली फळी तो दुसऱ्याकडे ढकलतो आणि स्वतः लाटेखाली जातो. प्रत्यक्षात तेव्हा काय झाले, ते पाहायला कोणी उरले नव्हते. माझ्या पुस्तकाचे जे थोडेफार कौतुक झाले, ते त्या पानाचे झाले. काही महिन्यांनी त्याची बायको दारात आली. तिने मुलीकडून ते पान वाचून घेतले होते. नाव बदलले म्हणून काय ओळख बदलते! ती रागावलेली नव्हती. मी पुढे केलेला चहासुद्धा तिने घेतला. उठताना म्हणाली, “मास्तर, तुमचा माणूस लय मोठा हाय. माझा दादला पाण्याला भ्यायचा, तरी रोज जायचा. त्याला कुठं ठेवलात?”

मी त्या माणसावर बाँब रंगवले होते. बाजू बोडकी दिसू नये म्हणून.

कादंबरी ही मुळातच रचलेली गोष्ट, तिच्यात खरे-खोटे कसले पाहायचे, असे म्हणता येते. मी स्वतःशी ते पुष्कळ वेळा म्हटलेले आहे. एकाने दुसऱ्याच्या नावाने उभे राहावे, यातही दर वेळी फसवणूक नसते. आमच्या त्या कानपूरच्या विमानांपैकीच एकाची गोष्ट पाहा. ते ब्रिटिशांकडे होते, मग आपल्याकडे वीस वर्षे उडाले, आणि १९८४ साली ते अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले. त्यांनी ते मोठ्या कष्टाने पुन्हा उडते केले आणि त्याला अमेरिकन रंग दिले. आधी ‘ऑल अमेरिकन’, मग ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’, आणि २००५ पासून ‘विचक्राफ्ट’. खरे विचक्राफ्ट इंग्लंडमधून युरोपवर एकशेतीस स्वाऱ्या करून आले होते. त्या विमानांतून गेलेले म्हातारे सैनिक या सोंगापाशी येऊन पंखावरून हात फिरवत असतील, तर त्यांच्या हाताला लागते ते खोटे कसे म्हणावे? शाडूच्या मूर्तीला आपण देव म्हणतो, आणि माती आहे हे विसरतही नाही.

तरी माझ्या मनात एक काटा राहतोच. विचक्राफ्टची आठवण जपायला नोंदी होत्या, माणसे होती. पण त्या रंगाखाली जे विमान होते, बंगलोरच्या कामगारांनी सांधलेले, त्याची स्वतःची खूण पुसली गेली ती गेलीच. आणि त्या बाईच्या नवऱ्याबद्दल छापलेले म्हणून जगात एवढे एकच पान आहे. तेच मी दुसऱ्याच्या नावे करून टाकले.

तर मग बिनचूक रंगवले म्हणजे झाले का? तेही नाही. या मुलाच्या घरी काचेच्या कपाटात आणखी एक विमान आहे. चंदेरी, मोठे, शेपटीवर वर्तुळात आर हे अक्षर, अंगावर ८२ हा आकडा. नाकाशी नाव: एनोला गे. हे वैमानिक पॉल टिबेट्स यांच्या आईचे नाव. हिरोशिमावर निघण्याच्या आदल्या दिवशी ते रंगवले गेले. शेपटीवरचे अक्षर त्या तुकडीचे नव्हतेच. शत्रूला कळू नये म्हणून दुसऱ्या तुकडीचे उसने घेतले होते. म्हणजे मूळ विमानावरची खूणच खोटी, आणि या मुलाने ती खोटी खूण अगदी खरी उतरवली आहे! त्याला तारीख ठाऊक होती, उंची ठाऊक होती, सगळे ठाऊक होते. मी त्या विमानाकडे जरा जास्त वेळ पाहत राहिलो, तेव्हा तो म्हणाला, “सर, त्यात मी खोटं काहीच केलेलं नाही.”

बरोबर होते त्याचे. मला उत्तर सुचले नाही. एवढेच वाटले, की विमानावरच्या साऱ्या खुणा वरून पाहणाऱ्याच्या असतात. एक चिमुकला बाँब म्हणजे एक फेरी. खाली काय झाले ते मोजण्याची त्या रंगात सोयच नसते. हिंदुस्थानातून हिमालय ओलांडून चीनकडे सामान नेणाऱ्या काही अमेरिकन विमानांवर प्रत्येक फेरीला एक उंट काढत. आम्हांला तो फोटो मिळाला तेव्हा दोघेही मोठ्याने हसलो. उंटाच्या ओळीकडे पाहून हसता येते. बाँबच्या ओळीकडे पाहून हसू येत नाही, पण मुलगा ती इतक्या मायेने रंगवतो, की पाहणाऱ्याला ती तोरणासारखी दिसते. हे कौशल्याचे यश मानायचे की अपयश, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

लिबरेटरपुरते मात्र ठरले. बाँब नाहीत. साल १९४९, म्हणून वर्तुळात अशोकचक्र. राहिला क्रमांक. ज्या छायाचित्रावरून आम्ही चाललो होतो, त्यात एच आणि ई ही अक्षरे स्पष्ट होती, पण पुढच्या आकड्यांसमोर कोणा कारागिराची शिडी उभी होती. मुलगा दोन दिवस त्या शिडीवर चिडलेला होता. दुसऱ्या एखाद्या विमानाचा क्रमांक उचलून लावता आला असता; खोक्यातल्या कागदावर आकड्यांना तोटा नव्हता. त्याने अक्षरे तेवढी चिकटवली आणि पुढची जागा मोकळी सोडली. मी काही बोललो नव्हतो.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. ते पान गेले वर्षभर टेबलावर आहे. फळी काढली आहे. तिच्या जागी काय लिहावे, हे त्या बाईला जाऊन विचारायचे आहे, आणि तेवढे धैर्य अजून गोळा होत नाही.

नरकचतुर्दशीच्या सकाळी त्या घरी फराळाला गेलो, तर धाकट्या भावाने लिबरेटर थेट किल्ल्यावर नेऊन ठेवलेला! एका बाजूला मावळे, दुसऱ्या बाजूला वाघ, मध्ये दीड फुटी विमान. थोरला कपाळाला हात लावून उभा होता. आलेले पाहुणे वाकून वाकून पाहत होते. एक गृहस्थ जरा बारकाईने पाहणारे निघाले.

“अरे, याचा नंबर कुठे आहे?”

“शिडीच्या मागं आहे,” धाकटा म्हणाला, आणि चकलीचा तुकडा तोंडात टाकून मावळे सरळ करू लागला.