मुक्या प्राण्याचे दांत आणि पाळणाऱ्याचा धर्म

घरांतील कुत्र्याचे दांत पशुवैद्याकडून साफ करून घेण्यास कांहीं हजार रुपये पडतात, असें ऐकलें कीं पुष्कळांस हंसूं येतें. माणसास पोटभर मिळण्याची जेथें भ्रांत, तेथें कुत्र्याचे हे चोचले कशाला, असें ते विचारतात. हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

प्रथम हा खर्च कशाचा तें पाहूं. कुत्र्यास 42 दांत असतात, मांजरास 30. दांतांवरील कीट कठीण होऊन हिरडीखालीं उतरतें. हिरडी सुजते, हाड झिजतें, दांत हलूं लागतो. तेथें हत्यार चालवावयाचें तर भूल द्यावीच लागते, कारण 'तोंड उघडें ठेव' ही आज्ञा प्राण्यास समजत नाहीं. आधीं रक्ततपासणी, मग भूल, तींत श्वासावर व नाडीवर पहारा, दांतांची क्ष-किरण छायाचित्रें, यांतच बिलाचा मोठा भाग जातो. भूल न देतां स्वस्तांत दांत खरवडले तर दिसणारा भाग पांढरा होतो; धन्याचें समाधान होतें, रोग तसाच राहतो.

आतां आक्षेपाकडे वळूं. मुलाची फी कीं कुत्र्याचे दांत, अशी खरोखरच पाळी आली, तर फी आधीं, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु सुशिक्षित घरांत तुलना बहुधा असते ती कुत्र्याच्या दांतांची आणि नव्या पडद्यांची. आणि गरिबाचें नांव पुढें करून वांचविलेला पैसा गरिबाकडे गेल्याचें आम्हीं फारसें पाहिलेलें नाहीं. शिवाय ह्या प्राण्यास आपण हौसेनें घरीं आणून परावलंबी केलें. दांत दुखला तरी तो जेवतो, शेपटी हालवितो. त्याची तक्रार मांडणारा आपल्यावांचून कोणी नाहीं. त्याला विनाकारण वेदना होऊं न देण्याची जबाबदारी आपल्याकडील 1960 च्या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायद्यानेंही पाळणाऱ्यावरच टाकली आहे.

मग ज्याची ऐपत नाहीं त्यानें काय करावें? धर्म ऐपतीपलीकडचें मागत नाहीं. रोज मऊ ब्रशानें त्याचे दांत घांसण्यास पैसा थोडाच लागतो. लागते ती चिकाटी. मात्र माणसांची पेस्ट वापरूं नये; कुत्रा ती गिळतो, आणि कांहींत असणारें झायलिटॉल त्यास विष आहे. दगड झालेलें कीट ब्रशानें निघत नाहीं. पण तें दगड होऊं न देणें बरेंचसें आपल्या हातीं आहे.

पिलूं आणतांना त्याची किंमत सगळेच विचारतात. त्याच्या म्हातारपणाची किंमतही विचारून ज्यास तें आणवेल, त्यानेंच आणावें.