तारेला झालेला स्पर्श

शास्त्रभाग : उत्पत्ति 32:22-32 व 33:1-17



आमच्या मंडळ्यांतील तरुण आता गिटार वाजवतात, आणि ही गोष्ट काही वडीलधाऱ्यांस अजून रुचत नाही. त्यांस आम्ही एवढेच सांगू की, ज्या बाजाच्या पेटीवाचून आपली उपासना सुरू होत नाही, तीही 19 व्या शतकात युरोपातूनच आपल्याकडे आली. असो; वाद्यांचा वाद आज नको. या मुलांची एक खटपट आम्ही बरेच दिवस पाहत आहोत, आणि तिच्यामुळे याकोबाची गोष्ट आम्हांस पुन्हा उघडून वाचावीशी वाटली.

विजेच्या गिटारीवर एक स्वर काढतात, त्याला 'पिंच हार्मोनिक' म्हणतात. पिंच म्हणजे चिमटी. रॉय बुकॅनन, बिली गिबन्स अशा अमेरिकन वादकांनी 1970 च्या दशकात तो लोकांच्या कानी घातला. (त्यांची गाणी उपासनेत गावीत असे आमचे म्हणणे नाही.) तार छेडण्याची पातळ चकती, जिला मुले 'पिक' म्हणतात, ती चिमटीत अगदी टोकाशी धरायची, म्हणजे तिचे जरासेच टोक बाहेर राहते. त्या टोकाने तार खाली छेडायची आणि त्याच झटक्यात अंगठ्याची कड तारेला निसटती लागू द्यायची. बरोबर साधले तर नेहमीचा जाड स्वर नाहीसा होऊन एक तीक्ष्ण, उंच स्वर किंकाळीसारखा उठतो. न साधले तर नुसता 'टक्' असा आवाज होतो. शिकणाऱ्याच्या वाट्याला पहिले कित्येक दिवस हे 'टक्'च येते.

हा उंच स्वर येतो कोठून? तो बाहेरून आणलेला नसतो. गिटारीची 'ए' तार मोकळी छेडली की ती सेकंदाला 110 वेळा कंप पावते. पण त्याच वेळी तीच तार 220, 330, 440, 550 असेही सूक्ष्म कंप घेत असते. मूळ स्वराच्या जोरापुढे हे आपल्या कानाला वेगळे कळत नाहीत. तंबोरा ऐकणाऱ्यांस हे नवे नाही. मिरजेच्या कारागिराने जवारी नीट लावलेला तंबोरा छेडला, तर कोणतीही तार गंधारात लावलेली नसताना खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

आता घोडीपासून तारेच्या बरोबर चौथ्या हिश्श्यावर अंगठा निसटता लागला, तर 110, 220 आणि 330 हे कंप तेथे अडतात व विझतात. 440 चा कंप त्या बिंदूवर मुळातच स्थिर असतो. त्याला अंगठ्याची बाधा होत नाही. म्हणून तो उरतो आणि आता कोठे ऐकू येतो. स्पर्शाने तारेत काही घातले नाही, वरचा गलका तेवढा काढून घेतला.

आता यब्बोकाच्या उतारावर चला. एसाव चारशे माणसे घेऊन येत आहे हे कळल्यावर याकोबाने काय केले? साडेपाचशेहून अधिक जनावरांची भेट निवडली, तिचे कळप केले, कळपांमध्ये अंतर ठेवले, प्रत्येक चाकराला काय बोलायचे ते पढवले. मग बायका, लेकरे व सर्व मालमत्ता नदीपार धाडली आणि आपण एकटा अलीकडे राहिला. याकोबाच्या आयुष्याचा हाच मोठा स्वर होता: युक्ती. त्या रात्री एक पुरुष पहाटेपर्यंत त्याच्याशी झोंबी करत राहिला आणि शेवटी त्याने याकोबाच्या जांघेच्या सांध्याला स्पर्श केला. मूळ इब्री क्रियापद साध्या स्पर्शाचेच आहे. तेवढ्याने सांधा निखळला. आता पळता येणे शक्य नव्हते.

त्यानंतर त्याला त्याचे नाव विचारण्यात आले. हा प्रश्न वाचताना आम्ही नेहमी थांबतो. पूर्वी एकदा आंधळ्या बापाने तू कोण असे विचारले, तेव्हा याच माणसाने आपण एसाव आहो असे सांगून आशीर्वाद मिळवला होता. आताही त्याला आशीर्वादच हवा होता. पण या वेळी त्याने याकोब हे आपले खरे नाव सांगितले. इतक्या वर्षांच्या गलक्याखाली हा एक शब्द त्याच्यात होता, आणि तो स्पर्शानंतर बाहेर आला.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ज्या घरातून नुकतीच शवपेटी निघाली आहे, त्या घरात बसून हा दृष्टांत कोणी सांगू नये. प्रत्येक आजार, प्रत्येक मृत्यू हा देवाच्या अंगठ्याचा स्पर्श आहे असे शास्त्र म्हणत नाही, आणि आपण तसे म्हटल्याने दुःखिताच्या जखमेवर आणखी एक दडपण येते. देवाचे मुख पाहिले म्हणून त्या जागेला पनीएल हे नाव याकोबाने स्वतः दिले. ते दुसऱ्याने त्याला सांगितले नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांशी मात्र आम्हांस थोडे अधिक बोलायचे आहे, कारण लेकरांना स्पर्श करण्याचे काम मंडळीने आपल्या हाती दिले आहे. पिंच हार्मोनिक शिकणारा मुलगा सुरुवातीस अंगठा तारेवर ठेवून देतो. तार तत्काळ मरते. अंगठा क्षणापुरता लागून उठला पाहिजे, ही सगळी विद्या त्या उठण्यात आहे. आता आपल्या वर्गाकडे पाहा. एका मुलाने पहिल्यांदाच उभे राहून प्रार्थना केली, काही शब्द चुकले. एका वडिलांनी त्याला सर्वांदेखत दुरुस्त केले, पुढच्या रविवारी त्याची आठवण दिली आणि नाताळच्या कार्यक्रमातही तो किस्सा हसत सांगितला. असे घडलेले आम्ही पाहिले आहे. त्या मुलाचा आवाज मंडळीत पुन्हा ऐकू आला नाही. चूक दाखवणे योग्यच होते, पण हात उठलाच नाही.

दुसरेही एक आहे. गिटारीची मोकळी तार सुमारे 65 सें.मी. भरते व तिचा चौथा हिस्सा घोडीपासून 16 सें.मी.वर येतो. डाव्या हाताचे बोट पाचव्या पडद्यावर ठेवताच तार 49 सें.मी.च्या आसपास उरते आणि तोच बिंदू 12 सें.मी.वर सरकतो. म्हणजे तार तीच असूनही कालची जागा आज चालत नाही. पुन्हा कान देऊन शोधावी लागते. ज्या प्रश्नाने मोठी बहीण बोलती झाली, त्याच प्रश्नाने धाकटा भाऊ गप्प बसतो, हे कोणत्या शिक्षकाने अनुभवले नाही? आणि ज्या मुलीला सहावीत कोणी गाणे सांगितले की ती आनंदाने उठे, तिला नववीत तसे उठवू नका; तिच्या घरी काय चालले आहे ते आधी पाहा.

सूर्य उगवला तेव्हा याकोब लंगडत निघाला. एसाव समोर दिसताच या खेपेस तो बायकालेकरांच्या मागे राहिला नाही. सर्वांच्या पुढे गेला आणि सात वेळा भूमीपर्यंत लवला. भाऊ गळ्यात पडून रडले. मग एसाव म्हणू लागला की, चला, बरोबरच जाऊ. तेव्हा याकोबाने त्याला सांगितले की, लेकरे कोवळी आहेत, दुभती जनावरे आहेत, एक दिवस जरी दौडवली तरी सारा कळप मरेल. तुम्ही पुढे व्हा, मी लेकरांच्या चालीने सावकाश येतो. एसाव त्याच दिवशी सेईराच्या वाटेस लागला. याकोब लंगडत, मुलांच्या संगतीने, सुक्कोथास आला, आणि तेथे त्याने घर बांधून जनावरांसाठी मांडव घातले.