सेवेची पूर्वतयारी

पिंपरीच्या संत तुकाराम नगरांत आमच्या शेजारच्या घरीं मध्यंतरीं परदेशगमनाची धांदल चालली होती. घरांतील तरुण चिरंजीव एका सेवाभावी मंडळाबरोबर परमुलखांतील निराधार मुलांच्या सेवेसाठीं पंधरा दिवस जावयाचे होते. पासपोर्ट, लशी, औषधें, खेळणीं, खाऊ अशी यादी सिद्ध झाल्यावर, आणखी काय घ्यावें, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस थोडें थांबावें लागलें.

त्यांचा हेतु शुद्ध होता, याविषयीं शंका नाहीं. परंतु शुद्ध हेतु म्हणजे तयारी नव्हे. ज्या मुलाचें सर्वस्व एकदां गेलें आहे, तें माया लावणाऱ्यास चटकन् बिलगतें. आणि पंधरवड्यानें तो निघून गेला म्हणजे पुन्हां पोरकें होतें. नेपाळ व कंबोडिया या देशांत तर, पाहुण्यांच्या देणग्यांच्या लोभानें आईबाप हयात असलेलीं मुलेंही अनाथालयांत ठेवल्याचें उघडकीस आलें आहे. म्हणजे दात्याची दयाच कधीं कधीं मुलास आईपासून तोडते!

मग तयारी कशास म्हणावें? पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. बालविधवांसाठीं शाळा काढण्यास त्यांनीं तेथें व्याख्यानें देऊन, ग्रंथ लिहून साह्य मिळविलें. पण त्याबरोबरच फ्रोबेलची बालशिक्षणपद्धतिही शिकून घेतली. त्यानंतर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्यें गेले, तेथील भाषा शिकले, आणि १९४२ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. ज्यांची सेवा करावयाची, त्यांच्यासाठीं आधीं स्वतः विद्यार्थी व्हावें, ही दोघांचीही रीत.

यावर कोणी म्हणेल कीं, सर्वांनींच इतकी वर्षें वेंचावयाचीं तर जाणार कोण? आक्षेप योग्य आहे. दुभंगलेला ओठ शिवणारा शस्त्रवैद्य पंधरा दिवसांतही आपलें काम पुरें करून येतो. त्याच्या जाण्यानें मुलाचें कांहीं हरपत नाहीं. मायेचें तसें नाहीं. ती अर्ध्यावर सोडली तर न दिल्याहून वाईट. म्हणून थोडक्या मुदतींत पुरें होईल असेंच काम पत्करावें, आणि मुलाचें मन तेथें कायम राहणाऱ्यांच्या हातीं असूं द्यावें, असें आमचें मत आहे.

आम्हीं तें चिरंजीवांस सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. पण जाण्यापूर्वीं त्यांनीं मंडळास पत्र धाडलें: मला मुलांत ठेवूं नका, तेथील शिक्षकांच्या हाताखालीं पडेल तें काम द्या. आणि खेळण्यांची पिशवी आमच्या भागांतील बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठीं घरींच ठेवून गेले. ती परत आल्यावर स्वतः न्यावयाची होती.